अभियंता दिन विशेष : विश्वेश्वरय्या आणि फुटलेले २२१ गावतलाव

आज १५ सप्टेंबर, अभियंता दिन. तालुक्याच्या पाटबंधारे कार्यालयात, जिल्हा परिषदेच्या जलसंधारण विभागात, पॉलिटेक्निक कॉलेजात आज एका फोटोला हार घातला जातो. डोक्यावर म्हैसुरी फेटा, अंगात कोट, चेहरा करडा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. भाषणांत कृष्णराजसागर धरण येतं, भारतरत्न येतं, शंभरी पार केलेलं आयुष्य येतं. पण याच माणसाने एकदा खेडोपाडीच्या लहान मातीच्या तलावांचा हिशेब मांडला होता आणि एका पावसात त्यातले किती फुटले ते कागदावर लिहून ठेवलं होतं, हे भाषणात सहसा कुणी सांगत नाही. ज्यांच्या गावाच्या वरच्या अंगाला जुना पाझर तलाव किंवा गावतलाव आहे, त्यांच्यासाठी कृष्णराजसागरापेक्षा ही गोष्ट जास्त कामाची आहे.

तलावांच्या मुलखातला पोरगा

विश्वेश्वरय्यांचा जन्म मुद्देनहळ्ळीचा. नंदी डोंगराच्या पायथ्याचं हे खेडं तेव्हा म्हैसूर संस्थानच्या कोलार जिल्ह्यात होतं. जन्मसाल कुठे १८६० तर कुठे १८६१ असं दिलेलं आढळतं. घर तेलुगू बोलणारं. वडील श्रीनिवास शास्त्री विद्वान माणूस, पण घरात पैसा बेताचाच. मुलगा पंधराच्या आसपास असताना वडील गेले. पुढे बंगळूरला शिकताना दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी आपलं भागवलं.

कोलारचा मुलूख समजून घ्यायला हवा. तिथे बारमाही नदी नाही. पाऊस आपल्याकडच्या दुष्काळी तालुक्यांसारखाच, पडला तर पडला. त्यामुळे ओढ्या-नाल्यांवर मातीची पाळ घालून पाणी अडवायचं, हा तिथला शेकडो वर्षांचा रिवाज. तोही एकेका गावापुरता सुटा नाही. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात जायचं, तो भरला की त्याच्या खालच्यात. एका ओढ्यावर माळेतल्या मण्यांसारखे तलाव ओवलेले. पाणी वाटायला आणि मोरी उघडायला-मिटायला गावाचा ठरलेला माणूस असे, त्याला नीरगंटी म्हणत. तलाव बांधणाऱ्याला, पाळ राखणाऱ्याला इनाम जमीन मिळे, तिला कोडगी म्हणत. आपल्याकडच्या बलुत्या-वतनासारखाच हा कारभार. पाळीला भगदाड पडलं तर कुणी बघायचं, हे गावात वेगळं विचारावं लागत नसे.

माळेचा फायदा सगळ्यांना दिसतो, पाण्याचा थेंब वाया जात नाही. तिच्यातला धोका मात्र मोठा पाऊस आल्याशिवाय दिसत नाही. तो विश्वेश्वरय्यांना दिसला, पण पंचेचाळिशी उलटल्यावर आणि कोलारात नव्हे, हैदराबादेत.

धुळे, पुणे आणि सांडव्यावरचा बांध

बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला आले. आजचं सीओईपी ते हेच. १८८३ साली मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. पहिली नेमणूक नाशिकला, तिथून खानदेशात.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या दातर्तीला त्यांचं सुरुवातीचं काम आजही दाखवतात. पांझरेवर पाटाचं पाणी नळातून पलीकडे न्यायचा सायफन. ऐन पावसाळ्यात नदीत पाया धरायचा होता, पूर आला की खोदलेलं सगळं वाळूने भरून जायचं. काम थोडं पुढे ढकलू म्हणाले, तर वरिष्ठांची नाराजी ओढवली. नोकरी नवी, साहेब इंग्रज. शेवटी त्यांनी त्याच पावसात काम उरकलं. आजारपण काढलं ते वेगळंच.

पुढची बरीच वर्षं पुण्यात गेली. न्यायमूर्ती रानडे, गोखले यांच्याशी स्नेह जुळला. मधे सिंधमधल्या सक्करला पाणीपुरवठ्याचं काम केलं, नंतर एडनलाही जाऊन आले. पण आपल्या विषयाला धरून महत्त्वाचं आहे ते खडकवासल्याचं काम.

खडकवासला तलाव पावसाळ्यात भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. ते राखायला सांडव्यावर दरवर्षी तात्पुरता बांध घालत, आणि मोठा लोंढा आला की तो वाहून जाई. पुढच्या साली पुन्हा तेच. हे वाचून गावाकडच्या माणसाला ओळखीचं वाटेल. तलाव भरत आला की चार हौशी गडी सांडव्यावर मातीची पोती रचतात, कुणी दगड लावतं. पाणी हातभर जास्त राहतं, उन्हाळ्यात विहिरींना लागू पडतं. लोभ चुकीचा नाही. पण सांडवा हा तलावाचा जीव वाचवायला ठेवलेला असतो. तो मिटला आणि रात्रीत ढगफुटी झाली, तर पाणी पाळीच्या माथ्यावरून जातं. दगडी धरण माथ्यावरून गेलेलं पाणी थोडा वेळ सोसू शकतं, मातीचं नाही. वाहतं पाणी आधी मागच्या उताराची माती कापतं, मग माथा, आणि बघता बघता पाळीत नाल्याएवढी खिंड पडते.

विश्वेश्वरय्यांनी हा लोभ आणि ही भीती दोन्हींवर एकच उपाय काढला. सांडव्यावर आपोआप उघडणारी लोखंडी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढेपर्यंत दारं मिटलेली. त्यावर पाणी गेलं की वजनांच्या तोलावर ती आपसूक उघडतात, पूर ओसरला की मिटतात. रात्री-बेरात्री माणूस धावायला नको. १९०३ च्या सुमारास ही दारं लागली आणि धरणाची भिंत न वाढवता तलावात आठेक फूट जास्त पाणी राहू लागलं. या दारांचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण सरकारी नोकरीत असताना केलेल्या कामाचं मानधन त्यांनी घेतलं नाही.

त्याच काळात नीरा कालव्यावर त्यांनी पाण्याची पाळी ठरवून देणारी ब्लॉक पद्धत आणली. उसाला ठरावीक क्षेत्र, बाकीच्यावर कमी पाण्याची पिकं, असा हिशेब. बागायतदारांना ते रुचलं नाही, वर्तमानपत्रांतूनही टीका झाली. ते स्वतः जाऊन शेतकऱ्यांशी बोलले आणि पद्धत मार्गी लागली. उसाच्या पाण्याचं भांडण सव्वाशे वर्षांनंतरही मिटलेलं नाही, तो भाग वेगळा.

मुसीचा पूर

१९०८ साली त्यांनी नोकरी सोडली. खात्यात कितीही चढले तरी भारतीय माणसाला इलाख्याच्या मुख्य अभियंत्याची खुर्ची मिळणार नव्हती, हे त्यांना कळून चुकलं होतं. ते युरोपच्या दौऱ्यावर असताना इकडे हैदराबाद बुडालं.

आजचा मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे ही बातमी आपल्या माणसांपासून फार लांबची नव्हती. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीला महापूर आला. हैदराबादजवळच्या शमशाबादला चोवीस तासांत जवळपास तेरा इंच पाऊस झाला, म्हणजे सव्वातीनशे मिलिमीटर. अनेक तालुक्यांचा अर्ध्या वर्षाचा पाऊस एका दिवसात. घरं हजारोंनी पडली. मेलेल्या माणसांचा अंदाज साधारण पंधरा हजारांचा सांगितला जातो. अफझलगंज भागातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. ते झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात लोक आजही दाखवतात.

निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं आणि १९०९ मध्ये ते हैदराबादला आले. शहर पुन्हा बुडू नये यासाठी काय करायचं, एवढंच काम होतं. शहरात बसून नदीकाठी भिंती आखून देता आल्या असत्या. त्यांनी नदी वर कुठून येते ते पाहिलं, पावसाच्या नोंदी जमवल्या, पाणलोटातले तलाव मोजले.

हैदराबादच्या वरच्या अंगाला मुसी आणि तिची उपनदी इसी यांच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते. साधारण दर चौरस मैलाला एक. बहुतेक लहान, जुने, गावाच्या शेतीसाठी बांधलेले. त्या पावसात त्यातले २२१ फुटले.

आता कोलारची माळ आठवा. वरचा तलाव फुटला की त्यात साठलेलं सगळं पाणी एकदम सुटतं. खालच्या तलावाचा सांडवा रोजच्या पुराच्या हिशेबाने बांधलेला, तो हा लोंढा कुठून पेलणार? पाणी पाळीवरून जातं, दुसरा फुटतो. तिसऱ्याकडे दोघांचं पाणी जातं. नुसत्या पावसाने नदी हळूहळू चढते, माणसांना सामान आणि जनावरं हलवायला वेळ मिळतो. तलाव फुटत आले की पाणी भिंतीसारखं येतं. मुसीचा पूर इतका भयंकर का झाला याच्या उत्तरात विश्वेश्वरय्यांनी पावसाच्या जोडीला या फुटलेल्या तलावांना धरलं. म्हणजे कुठल्याशा वाडीवरच्या पाळीतलं भोक कितीतरी मैल खालच्या शहराच्या मुळावर आलं होतं.

मातीची पाळ कशी मरते

तलाव एका रात्रीत फुटतो असं आपण म्हणतो, पण पाळ मरायला अनेक वर्षं लागतात.

सुरुवात माथ्यापासून होते. माती बसते, त्यावरून बैलगाड्या, आता ट्रॅक्टर जातात, चाकोरी पडते. जनावरं पाण्यावर उतरतात तिथे पाळ झिजून घळ होते. माथा सगळीकडे सारखा उंच असेल तरच सांडव्याचं गणित बरोबर राहतं. एका जागी हातभर खाली बसला असेल तर तोच तलावाचा खरा सांडवा झाला, आणि तो मातीचा आहे.

मग आतल्या उतारावरचे दगड. लाटांनी माती धुपू नये म्हणून ते रचलेले असतात. पाणी आटलं की त्यातले चांगले दगड कुणाच्या तरी गोठ्याच्या भिंतीला जातात. कुणी बोलत नाही, कारण बोलणाऱ्याच्याही भिंतीला दोन लागलेले असतात.

त्यानंतर झाडं. पाळीवर बाभळी, वेड्या बाभळी माजतात. हिरवं दिसतं, सावली मिळते. पण मूळ भरावात खोल जातं, झाड वाळलं की मूळ कुजून आत पोकळ नळी राहते आणि पाण्याला वाट मिळते. घुशी-उंदरांची बिळं, वारुळं, खेकड्यांची भोकं हेही त्याच कामाला लागलेले. पाळीवर गवत हवं, झाड नको, हा जुन्या माणसांचा साधा नियम.

पाळीच्या पायथ्याशी पाणी पाझरतं त्याची मात्र लगेच धास्ती नको. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाणी नितळ आहे की गढूळ, हे बघायचं. नितळ आणि दरवर्षी तेवढंच असेल तर लक्ष ठेवायचं. गढूळ येऊ लागलं तर ते पाळीच्या पोटातली माती घेऊन येतंय, पाझर वाढत असेल तर आत भुयार तयार होतंय. त्याच दिवशी तहसील कार्यालयाला आणि तलाव ज्या खात्याचा आहे त्याला कळवायचं, खालच्या वस्तीला सांगायचं आणि मोरीतून, झेपेल तेवढं पाणी सोडून पातळी उतरवायची. मोरीचं दार गंजून बसलेलं असेल तर हा शेवटचा उपायही हातातून जातो. म्हणून दार पावसाळ्याआधी एकदा हलवून बघायचं असतं.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. ते काही जुनं नव्हतं, वीसेक वर्षांचं होतं. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीच्या तक्रारी आधीच झाल्या होत्या. खेकड्यांनी धरण फोडलं असं तेव्हा एका मंत्र्यांनी सांगितलं आणि सगळा महाराष्ट्र हसला, चिडलाही. खेकडे भोकं पाडतात हे खरंच आहे. पण ती वेळेवर बघणं आणि बुजवणं यालाच देखभाल म्हणतात, आणि खेकड्याला त्याचा पगार नसतो.

हैदराबादनंतर म्हैसूर

विश्वेश्वरय्यांनी हैदराबादसाठी उपाय सुचवला तो मोठ्या तलावांचा. शहराच्या वर दोन जलाशय बांधायचे आणि पूर तिथेच थोपवायचा. त्यातून पुढे मुसीवर उस्मानसागर आणि इसीवर हिमायतसागर उभे राहिले, पहिला १९२० साली, दुसरा १९२७ च्या सुमारास. शहराला पिण्याचं पाणीही त्यातूनच मिळालं.

ते स्वतः १९०९ च्या अखेरीस म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले आणि १९१२ मध्ये दिवाण. कृष्णराजसागर धरणाचं काम १९११ मध्ये सुरू झालं आणि पुरं व्हायला वीस वर्षं लागली. म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ, भद्रावतीचा लोखंड कारखाना ही यादी शाळेच्या पुस्तकातही सापडते.

त्या यादीत सहसा नसलेली गोष्ट म्हणजे १९११ चा तलाव पंचायतींचा कायदा. हैदराबादचा अनुभव ताजा असताना, विश्वेश्वरय्या मुख्य अभियंता असताना, म्हैसूर संस्थानात तो झाला. तलाव राखायची जबाबदारी गावानेच एकत्र येऊन घ्यावी, असा त्याचा रोख. जुनी इनामं आणि जुना धाक ओसरत चालला होता. सरकार म्हणे तलाव गावाचा, गाव म्हणे तलाव सरकारचा, आणि दोघांच्या मधे पाळ खचत होती. दिवाण झाल्यावर त्यांनी ग्रामसुधारणेची योजना काढली, तीत गावकऱ्यांनी आठवड्यातून थोडा वेळ श्रमदान करावं अशी अपेक्षा होती. काही ठिकाणी जमलं, बऱ्याच ठिकाणी कागदावर राहिलं. वरून आलेल्या हुकमाने गाव आठवडाभर हलतं, वर्षभर हलत नाही. आजच्या जलसंधारणाच्या योजनांत काम केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. नवा बंधारा बांधायला निधी येतो, उद्घाटनाला फ्लेक्स लागतो. जुन्या पाळीवरचं वारूळ खणून काढायला कुठलाच पाहुणा येत नाही.

विश्वेश्वरय्यांचं सगळंच पटण्यासारखं होतं असं नाही. ब्राह्मणेतर समाजाला नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात यासाठी म्हैसूरच्या महाराजांनी मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांचा त्याला विरोध होता, गुणवत्ता घसरेल असं त्यांचं म्हणणं होतं. १९१८ च्या अखेरीस ते दिवाणपदावरून बाजूला झाले. आपल्याकडे शाहू महाराजांनी १९०२ सालीच कोल्हापुरात निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर पाण्याचा हिशेब इतका लांबवर पाहणारा हा माणूस इथे मागे राहिला असंच म्हणावं लागतं.

बारा जुलै एकसष्ट

पुढची चाळीस वर्षं ते सल्ला देत, लिहीत, समित्यांवर काम करत राहिले. शिस्त कडक, कपडे टापटीप, वेळ म्हणजे वेळ. १९५५ साली भारतरत्न मिळालं. बंगळूरला राहत असताना शंभरी साजरी झाली.

त्यानंतर आला १९६१ चा जुलै. पुण्याच्या वर पानशेतचं धरण मातीचं होतं आणि काम अजून पुरं व्हायचं होतं. १२ जुलैला सकाळी ते फुटलं. त्याचं सगळं पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आलं. खडकवासल्याची दगडी भिंत ऐंशीएक वर्षं उभी होती, पण वरून येणाऱ्या अख्ख्या धरणाच्या पाण्यासाठी तिचा सांडवा नव्हता. त्याच दिवशी तीही फुटली आणि पुणं बुडालं. मुसीच्या खोऱ्यात जे लहान तलावांचं झालं, तेच इथे दोन मोठ्या धरणांचं झालं, आणि तेही ज्या तलावावर तरुणपणी विश्वेश्वरय्यांनी आपली दारं बसवली होती तिथेच.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, एप्रिल १९६२ मध्ये, बंगळूरला त्यांचं निधन झालं. मुद्देनहळ्ळीला त्यांचं जन्मघर जपून ठेवलेलं आहे आणि समाधीही त्याच गावात आहे.